गोष्ट अडते कुठं?

(पाचोड इथं लिहिणाऱ्या मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या पोरींनो,

तुमच्यातल्या सात-आठ जणांनी मला चिठ्ठ्या दिल्या. अक्षरं वेगळी, कागद वेगळे, पण म्हणणं एकच. गोष्ट डोक्यात आहे, आखायला बसलो की पुढं सरकत नाही. एकानं तर लिहिलंय, ‘सर, माझी प्रतिभा आटली का?’ वय विचारलं तर एकोणीस! अरे बाबा, एकोणिसाव्या वर्षी आटायला ती काय उन्हाळ्यातली विहीर आहे?

प्रस्थापितांनी या दुखण्याला गोड गोड नावं देऊन ठेवलीत. स्फूर्ती गेली. मूड लागत नाही. सरस्वती रुसली. मला या शेवटच्या नावाची फार गंमत वाटते. आपल्या आज्या-पणज्यांच्या दारात ती कधी आलीच नाही. जी आलीच नाही ती रुसून जाईल कशी? म्हणून म्हणतो, ही नावं आपल्या कामाची नाहीत. दुखणं पोटात आणि पट्टी डोक्याला, असं व्हायचं.

एक गोष्ट आधीच बाजूला करतो. दिवसभर जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलून आलेल्या माणसाचा हात रात्री दहाला चालत नसेल तर तो थकवा आहे. त्यावर भाषण नको. झोपा. सकाळी लिहा. त्यात साहित्याचा काही प्रश्न नाही, मजुरीचा आहे.

आता खरं दुखणं. पांढरपेशा लेखक म्हणतो, लिहायला काही सुचत नाही. आपलं उलटं आहे. आपल्याकडं मजकूर उणा नाही, जादा आहे. मसणवाटा, पाणी, शाळा, उचल, ऊसतोड, १९७२चा दुष्काळ, १९७८ची जाळपोळ, बापाचं दारू पिणं, आईचं न बोलणं. बाजार उठला की शंभर माणसं एका फाटकातून एकदम निघू बघतात आणि कुणीच निघत नाही, तसं होतं. हे तुम्हाला माहीतच आहे. पण नुसत्या गर्दीनं फाटक अडत नाही. फाटकात कुणीतरी उभा असतो. तो कोण, एवढंच मला आज बोलायचं आहे.

इथं बसलेल्या एका पोराची गोष्ट सांगतो. त्याला विचारूनच सांगतोय. नाव घेणार नाही, आणि कोण मान खाली घालतंय ते तुम्हीही बघू नका.

त्याची आजी भादव्यात गेली. तीन दिवस पाऊस लागून राहिलेला. मसणवाट्याकडं जायची वाट एका मोसंबीच्या बागेच्या कडेनं. बागवाल्यानं काट्याचं कुंपण घालून लोखंडी फाटक बसवलेलं. मयत फाटकाशी थांबलं. कुलूप काही निघालं नाही. शेवटी तिरडी खालच्या नाल्यातून, मांडीएवढ्या पाण्यातून नेली.

आठ महिने हा पोरगा ही गोष्ट आखतोय. सहा वेळा सुरुवात केली. सहाही वह्या मी वाचल्या. प्रत्येक वेळी पाऊस आहे, तिरडी आहे, फाटक आहे. आणि फाटकाशी आलं की एक सुशिक्षित तरुण पुढं येतो आणि दीड पान भाषण करतो. भाषण चांगलं आहे. मोर्चात टाळ्या पडतील. पण त्याच्या पुढं वही कोरी! सहाही वह्या तिथंच कोऱ्या.

मी त्याला विचारलं, बागवाल्याचं नाव काय ठेवलंस? म्हणाला, नाव नाही, ‘जमीनदार’ लिहिलंय. मी म्हणालो, तुमच्या घरात त्याला काय म्हणतात? थोडा थांबून म्हणाला, ‘दादा.’

दादा कामून?

‘आई त्यांच्याच बागेत खुरपायला जाती. अकरा वर्षं झाली.’

हे गोष्टीत आहे का? नाही. आजी गेल्यावर आई पुन्हा कामावर कधी गेली? ‘तिसऱ्या दिशी.’ कशी गेली? ‘सांगावा आला. व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता, तोडणीला माणसं कमी होती.’ कुठून आत गेली? आता मात्र तो बोलेना. मग म्हणाला, ‘त्याच फाटकातून. उघडंच होतं.’

मित्रांनो, मेलेल्या बाईला बंद असलेलं फाटक तिसऱ्या दिवशी तिच्या सुनेला उघडं. गोष्ट इथं आहे. आठ महिने ती इथंच होती आणि पोरगा रोज तिच्यापर्यंत येऊन परत फिरत होता. का? मी विचारलं तर म्हणाला, ‘ते कसं लिहू?’ छापलेला अंक बागेत पोचला तर आईचं काम जाईल. आणि आपल्या गल्लीत पोचला तर लोक म्हणतील, सासूची राख निवायच्या आत ही त्याच्याच बागेत गेली. एकीकडं पोटाची भीती, दुसरीकडं अब्रूची. मधे हात थांबलेला. याला प्रतिभा आटणं म्हणायचं? तो हात डोक्यापेक्षा शहाणा आहे. कुणाला काय भोगावं लागेल ते त्याला आधी कळतंय.

तेव्हा गोष्ट अडली की पहिलं काम हे करा. वेगळा कागद घ्या आणि लिहा, ही गोष्ट कुणाच्या हाती पडू नये असं मला वाटतं? नावं लिहा. मालकाचं, चुलत्याचं, गुरुजींचं, बायकोचं. ज्या पुण्या-मुंबईच्या संपादकाला तुमची भाषा ‘अशुद्ध’ वाटेल त्याचंही. तो कागद छापायचा नाही. चुलीत घाला हवं तर. पण नाव लिहिलं की फाटकात उभा असलेला माणूस दिसायला लागतो. दिसला की त्याला कसं ओलांडायचं याचा विचार करता येतो. न दिसणाऱ्याला कोण ओलांडणार?

आपल्या आधीच्यांनी त्याला कसं ओलांडलं ते बघा. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीनं काढलं. त्यापूर्वी ‘कोंडवाडा’ हा त्यांचा कवितासंग्रह आला होता, १९७४ साली. म्हणजे हा नवशिका माणूस नव्हता. तरी स्वतःची कहाणी सांगायला त्यांनी काय केलं? एका दया पवारचे दोन केले. लिहिणारा दया पवार आणि सांगणारा दगडू मारुती पवार. शहरात टेबलाशी बसणारा, कवी म्हणून ओळखला जाणारा एक, आणि गावातलं अन् कावाखान्यातलं सगळं अंगावर घेऊन फिरणारा दुसरा. दगडू बोलतो, दया ऐकतो. मला ही नुसती लेखनाची खुबी वाटत नाही. शिकलेल्या, नोकरी लागलेल्या माणसाला जे बोलायची लाज वाटते, ते त्याच्यातल्या दगडूला बोलू दिलं. ऐकणारा बदलला. आणि पुस्तक आल्यावर झालं काय? टीका बाहेरूनच आली असं नाही, आपल्यातल्याही काहींनी म्हटलं, हे उकिरडे कशाला उकरले? म्हणजे भीती खरीच होती. खोट्या भीतीनं हात थांबत नाही. पण पुस्तक राहिलं.

दुसरं उदाहरण पोरींनी नीट ऐकावं. फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटं दुकान चालवायच्या. सामान बांधायला आलेली रद्दी वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायच्या. ती वही वीस वर्षं घरात लपवून ठेवली. वीस वर्षं! नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात ते क्रमानं आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं, ‘जिणं आमुचं’. नाव बघा. माझं नाही, आमचं. यात दोन्ही आलं. एकटीचं सांगायची चोरी होती हेही आलं आणि सगळ्या बायांचं सांगायचं होतं हेही. आता मला सांगा, वीस वर्षं वही लपवणारी बाई अडलेली होती का? छापणं अडलं होतं, लिहिणं नाही. ही दोन कामं वेगळी आहेत. तुम्ही लोक पहिल्या ओळीलाच अंकाचं मुखपृष्ठ बघता आणि मग घाबरता. आधी लपवून लिहा की.

आता आखणीकडं येतो. तुमच्यातले काही जण शहरातल्या कथा-शिबिराला जाऊन आलेत. फळ्यावर त्रिकोण काढून दाखवतात तिथं. इकडं प्रारंभ, वर उत्कर्षबिंदू, इकडं शेवट. त्रिकोणाशी माझं वैर नाही. पण त्या त्रिकोणात पहिलं काय ठेवायचं हे ते सांगत नाहीत, आणि आपला पोरगा तिथं ‘अन्याय’ ठेवतो. अन्याय हा ठरावाचा विषय आहे. निवेदनाचा आहे. गोष्टीचा नाही. गोष्टीला एक वस्तू लागते, एक काम लागतं.

बाबासाहेबांनी १९३०च्या दशकात काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं त्या पुस्तिका म्हणून १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं छापल्या. त्यातली पहिली, १९०१ सालची. भीमराव, त्यांचा भाऊ आणि दोन भाचे, चार पोरं सातारहून आगगाडीनं मसूरला उतरतात. वडील गोरेगावला नोकरीला, त्यांच्याकडं निघालेली. अंगावर नवे कपडे. वडिलांना पत्र पोचलेलं नाही, न्यायला कुणी आलेलं नाही. पोरांची जात कळली की स्टेशनमास्तर मागं सरतो. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होत नाहीत. शेवटी एक तयार होतो, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार, बाटू नये म्हणून. आता यात गोष्ट कशावर उभी आहे बघा. पाण्यावर! पोरांजवळ फराळाचा डबा आहे आणि प्यायला पाणी नाही. ओढ्याशी थांबतात तर त्या पाण्यात चिखल, शेण, बैलांचं मूत. रात्री टोलनाक्यावर पोचतात, तिथंही पाणी नाही. डबा भरलेला आणि पोरं उपाशी झोपतात. अन्याय हा शब्द कुठंही ठेवा किंवा ठेवू नका, वाचणाऱ्याचा घसा सुकतो. त्याच पुस्तिकेत १९३४ सालची, आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आहे, दौलताबादच्या किल्ल्याची. तिथंही पाणीच. हौदावर सोबतच्यांनी हातपाय धुतले म्हणून उठलेला गलका. एक वस्तू धरली की बाकीचं तिच्यामागं येतं.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ तुम्ही वाचली असेल. नसेल तर आज रात्री वाचा, माझं भाषण विसरलात तरी चालेल. भीमा खाणीत दगड फोडणारा. खाण बंद पडते. पोट बंद पडत नाही. मग तो मसणातली राख चाळून सोनं शोधतो, मढी उकरतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात हात अडकतो आणि बोटं जातात. आणि बोटं गेल्यावर खाण पुन्हा सुरू झाल्याची खबर येते. आखणी म्हणून बघा हिच्याकडं. काम, काम जाणं, दुसरं काम, कामाचे हात जाणं, काम परत येणं. एक धागाही सुटा नाही. शाळेत नावापुरता गेलेला माणूस हे आखतो, कारण त्याला मजुराचा दिवस कसा आखला जातो ते ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. तुमची आई पहाटे उठून संध्याकाळपर्यंत कसं निभवायचं ते आखते तेव्हा ती कागदाशिवाय कथानकच रचत असते.

म्हणून त्या पोराला मी म्हणालो, आता पाऊस नको, भाषण नको. हिशेब मांड. आजीच्या दवाखान्याला पैसे कुठून आले? आई तिसऱ्या दिवशी का गेली? तो म्हणाला, माहीत नाही. मी म्हणालो, मग विचार.

आठवडाभर तो आला नाही. मला वाटलं, पळाला. नवव्या दिवशी आला. आईला सगळं सांगितलं म्हणाला, फाटकाचंही. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, ‘लिही की. पन मी तिथं कामून गेले ते बी लिही.’

कामून गेली? आजीच्या दवाखान्यासाठी दादाकडूनच उचल घेतलेली होती. ती फेडेपर्यंत रोज जायचंच होतं. म्हातारीला जगवायला ज्यानं पैसे दिले त्यानंच मेल्यावर वाट दिली नाही. बघा, आता ‘जमीनदार’ उरला नाही, माणूस झाला, आणि म्हणून जास्त भयंकर झाला. पहिल्या सहा वह्यांमधला तो खलनायक आपल्याला सोपा होता. त्याला शिव्या देऊन आपण मोकळे. हा मोकळं होऊ देत नाही.

आणि आखणी आपोआप बसली. आधी उचल, मग दवाखाना, मग फाटक, मग नाला, मग तिसरा दिवस. भाषण करणारा तरुण कुठं गेला? आहे. फाटकाशी उभा आहे. पण बोलत नाही, कारण आईनं त्याचा हात धरलेला आहे. ही ओळ त्या पोरानं स्वतः लिहून आणली. मी फक्त ऐकलं.

माझ्या आईचंही एक सांगतो, कारण सल्ला द्यायला मला तिनंच शिकवलं. मी कॉलेजात असताना, तेव्हाच्या औरंगाबादला, नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५०मध्ये काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाची हवा आम्हा सगळ्या पोरांना लागलेली होती. पानतावणे सरांचं ‘अस्मितादर्श’ १९६८पासून निघत होतं आणि प्रत्येकाला त्यात छापून यायचं होतं. मी एक गोष्ट आखत होतो. वस्तीवर दगडफेक होते, माणसं रात्रभर शेतात लपतात, अशी. पुढं सरकेना. सुट्टीत घरी आलो तेव्हा आईला सांगितली, जात्याशी बसून. तिनं सगळी ऐकली आणि एकच विचारलं, ‘मंग सकाळच्याला सैपाक कुनी केला? चूल कोनाची पेटली?’

मी गप्प. पण त्या प्रश्नानं पुढची आठ पानं झाली. कोणाची चूल पेटली हे शोधायला मला प्रत्येक घरात शिरावं लागलं. कुणाकडं पीठ होतं, कुणाचं सांडलं, कोण कुणाकडं मागायला गेलं, कोण लाजेनं गेलं नाही. समीक्षक असं विचारत नाही. म्हणून माझं म्हणणं, गोष्ट लिहिण्याआधी सांगा. सांगताना समोर आपलं माणूस ठेवा, जे तुमच्या शब्दांनी दिपणार नाही आणि मधेच उठून पाणी प्यायला जाईल. ते कुठं उठलं ते लक्षात ठेवा, तिथं गोष्ट पातळ आहे. कुणी मिळालं नाही तर मोबाइलवर बोलून ठेवा, आता ती सोय झालीय. पण मोबाइल प्रश्न विचारत नाही, ही त्याची खोट.

भाषेचंही इथंच सुटतं. आईला सांगताना तुम्ही ‘पर्जन्यवृष्टी होत होती’ म्हणाल का? म्हणालात तर ती कपाळाला हात लावून बघेल. कागदावर मात्र तुम्हीच तसं लिहिता, आणि मग तिसऱ्या ओळीला अडता. अडणारच. दुसऱ्याच्या चपला घालून किती चालणार? मी असं म्हणत नाही की सगळंच बोलीत लिहा. तेही एक सोंग होतं कधी कधी. शहरात बंगला बांधलेली माणसं ‘म्या गेलो’ लिहितात तेव्हा मला हसू येतं. निवेदन तुम्ही शिकलात त्या भाषेत करा, बिनधास्त. पण माणूस बोलायला लागला की मधे येऊ नका.

आता नावांचा प्रश्न. तो खोटा नाही. पाचोड काय, आडूळ काय, विहामांडवा काय, गावं लहान आहेत, कोण कुणाच्या बागेत जातं ते सगळ्यांना माहीत असतं. त्यावर माझा साधा तोडगा आहे. गाव बदला, नाव बदला, बागेची ज्वारी करा, आजीची मावशी करा. पण मजुरीचा आकडा बदलू नका, उचलीचा आकडा बदलू नका आणि फाटकापासून नाल्यापर्यंतचं अंतर बदलू नका. माणसं लपवली तरी गोष्ट खरी राहते. हिशेब लपवला की ती खोटी पडते.

बाबुराव बागुलांचं बघा. सुरतेला रेल्वेत नोकरीला असताना जात लपवून खोली घ्यावी लागली, हे त्यांच्या आयुष्यातलं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला १९६३ साली. त्या नावाच्या कथेत जात लपवणारा एकटाच असता तर काय झालं असतं? नुसती तगमग. बागुलांनी त्याच्यासमोर काशिनाथ उभा केला. तोही आपलाच, पण जात न लपवणारा, अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जाणारा. आता दोघं एकाच ठिकाणी कामाला. एक लपतो, दुसरा लपत नाही. ठिणगी तिथं पडते. स्वतःवरची गोष्ट अडली की हे करून बघा. तुम्ही जे केलं त्याच्या उलट करणारा माणूस गोष्टीत आणा, आणि तो शहाणा किंवा मूर्ख आहे हे आधी ठरवू नका.

आणखी एक, मग थांबतो. चहा आलाय, दिसतोय मला.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षं. त्यावर आपण कविता उदंड लिहिल्या. मी वाचल्यात, मीही लिहिल्यात. कथा त्या मानानं थोड्या. हे का, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारतो. कविता एका रात्रीत होते, पेटलेली असते, तिला रात्र पुरते. कथेला दुसरा दिवस लागतो. घर जाळायला आलेला माणूस ओळखीचा होता. त्याच्या पोराबरोबर आपण शाळेत बसलो होतो. सकाळी त्याच्याच आटाचक्कीवर दळण न्यायचं होतं. हे लिहायचं तर त्या माणसाला चेहरा द्यावा लागतो आणि आपल्या माणसालाही, जो गप्प राहिला, जो साक्षीला फिरला, जो गाव सोडून गेला आणि परत आला नाही. हात तिथं थांबतो. आज ती माणसं म्हातारी झालीत. काही आहेत, काही गेली. तुमच्या घरात कुणी साठ-सत्तरच्या पुढचं असेल तर ही गोष्ट तुमच्या डोक्यात असायची गरज नाही, ती तुमच्या ओसरीवर बसलेली आहे. तिला तुम्ही विचारलंय का, की दुसऱ्या दिवशी दळण कुठून आणलं?

उगाच घाई करू नका पण. काही माणसं सांगणार नाहीत. त्यांना न सांगायचा हक्क आहे. तुमची कथा अडली म्हणून कुणाची जखम उघडायची नाही. ती गप्प बसली तर गप्प बसली असंच लिहा.

आता मघाशी एकानं विचारलं, त्या बागवाल्यालाही त्याचं कारण द्यायचं का? म्हणजे तो बरोबर होता असं दाखवायचं का? दोन्ही वेगळं आहे रे. त्याला कारण होतंच. आंबे बहराची फळं तयार, भाव चढलेला, आदल्या साली फळं चोरीला गेलेली, म्हणून कुंपण. हे लिही. मग हेही लिही की चोर अडवायचं कुलूप तिरडीसमोर काढता आलं असतं, किल्ली त्याच्या खिशातच होती. किल्ली खिशात आहे हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. तू ओरडायची गरज नाही.

पुढच्या बैठकीला कुणीही पूर्ण कथा आणायची नाही. दोन कागद आणा. एकावर ती नावं, दुमडून, मला दाखवायची नाहीत. दुसऱ्यावर हिशेब: कोण कुणाचं देणं लागतं, किती, कधीपासून. ज्यांचं घरी बसून होत नाही त्यांनी इथं यावं, खोलीची किल्ली शेजारच्या दुकानात ठेवलेली असते. पोरींना संध्याकाळी उशिरा जमत नाही असं दोघींनी सांगितलं, म्हणून वेळ दुपारची ठेवू. आणि त्या पोराची वही पुढच्या वेळी त्याची आई ऐकायला येणार आहे. तिनंच सांगितलंय, पाचपर्यंत कामावरून सुटते, तेव्हा तेवढा भाग शेवटी वाचायचा.